सावली उघडण्याआधी मिटून पाहा

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल नागपूरकरांना कुणी काही सांगू नये. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी 'यंदा त्यामानानं बरं आहे' म्हणणारी ही मंडळी. खिडकीला वाळ्याच्या ताट्या, कूलरमध्ये पाणी, बाहेर पडताना खिशात कांदा आणि ऊन उतरले की गच्चीवर पाणी शिंपडून टाकलेल्या खुर्च्या, हा तिथल्या घराघरातला रिवाज.

अशाच एका घरातली ही हकिगत. घर दुमजली, वरच्या खोल्यांना लागून पश्चिमेकडे ऐसपैस गच्ची. घरात निवृत्त ओव्हरसियर आजोबा, आजी, फिरतीची नोकरी करणारा मुलगा, बँकेत जाणारी सून आणि दोन नातवंडे. गच्ची सगळ्यांच्याच आवडीची. पण होळी झाली की दुपारी तिथे पाऊल टेकत नसे. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापे आणि तिच्यामागची खोली रात्री अकरापर्यंत भट्टीसारखी धगधगत राही.

एका वर्षी बांबू उभे करून हिरवी जाळी बांधली. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा वारा सुटला. जाळी शिडासारखी फुगली आणि बांबूंसकट उपटून आजोबांच्या आरामखुर्चीवर येऊन आदळली. खुर्ची रिकामी होती, कारण आजोबा चहासाठी पाचच मिनिटांपूर्वी आत गेले होते. पुढे पत्रे ठोकण्याचा विचार झाला. पण तापलेल्या पत्र्याखाली आणखीच उकडते आणि थंडीतले हवेहवेसे ऊनही कायमचे जाते. शेवटी मुलाने मोटरीवर उघडणारे आणि मिटणारे कापडी छत, म्हणजे ऑनिंग, बसवायचे ठरवले. आजोबांनी हरकत घेतली नाही. एवढेच म्हणाले, ''उघडतं कसं, ते विकणारा दाखवीलच. मिटतं कसं, ते मी पाहीन.''

घरात ऑनिंग घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आजोबांचे हे वाक्य लक्षात ठेवावे असे आहे.

हे छप्पर नव्हे

बाजारात दुकानांपुढे ताडपत्री बांधलेली आपण नेहमी पाहतो. ऑनिंग हा तिचाच सुधारलेला भाऊ. भिंतीवर एक लांबट पेटी किंवा दांडा बसवलेला असतो. त्यात एका नळीवर, म्हणजे रोलरवर, कापड गुंडाळलेले असते. कापडाचे पुढचे टोक ॲल्युमिनियमच्या एका पट्टीला जोडलेले असते आणि ही पट्टी कोपरात दुमडणारे दोन हात पुढे ढकलतात. हातांच्या आत जबरदस्त ताणाच्या स्प्रिंगा असतात. कापड ताठ राहते ते त्यांच्यामुळे. मोटर रोलरच्या नळीतच लपलेली असते. ती रोलर सैल सोडते तेव्हा स्प्रिंगा कापड बाहेर ओढतात. ती रोलर उलटा फिरवते तेव्हा कापड गुंडाळले जाऊन हात मिटतात.

म्हणजे मोटरीचे खरे कष्टाचे काम आहे ते मिटण्याचे. उघडण्याचे काम स्प्रिंगाच करतात.

दहा फूट बाहेर येणारे कापड उघडायला साधारण मिनिटभर लागते. मोटर २०० ते २५० वॅटची असते, त्यामुळे एका युनिटमध्ये ती शंभराहून अधिक वेळा उघडमीट करील. तेव्हा विजेच्या बिलाची काळजी नको. काळजी करायची ती तीन गोष्टींची: ऊन, भिंत आणि वारा.

आधी ऊन मोजा

ऑनिंग घेताना बहुतेक जण गच्ची मोजतात. ऊन कुणी मोजत नाही. आजोबांनी ते मोजले. दुपारी चार वाजता त्यांनी भिंतीपासून दहा फुटांवर एक काठी उभी केली. पुढच्या पट्टीची उंची जिथे येणार होती, तिथे, म्हणजे सात फुटांवर, काठीला सुतळी बांधली आणि सुतळी काठीच्या सावलीच्या रेषेत जमिनीपर्यंत ताणली. सुतळीचे दुसरे टोक जवळजवळ भिंतीच्या पायथ्याशी गेले.

याचा अर्थ काय? मे महिन्याच्या मध्यावर नागपुरात दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून सुमारे ३६ अंशांवर असतो. पश्चिमेच्या गच्चीवर त्याचे ऊन सात फूट उंचीच्या पट्टीखालून साडेनऊ फूट आत येते. भिंत आणि दार सावलीत राहतात, पण फरशी जवळपास सगळी उन्हात. भिंतीपासून तीन फुटांवर खुर्ची टाकली तर डोक्यावर सावली आणि पायांवर ऊन. साडेपाचला सूर्य १६ अंशांपर्यंत उतरतो आणि भिंतीलाही खालून चार फूट ऊन लागते.

''मग पैसे कशाला घालवायचे?'' आजींचा प्रश्न रास्त होता. उत्तर दोन भागांत आहे. एक तर दुपारचा सगळ्यात कडक मारा भिंतीवर आणि काचेच्या दारावर होतो. तो बाहेरच अडला की मागची खोली निवते. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून खोलीत शिरून मग अडते. बाहेरची सावली म्हणूनच आतल्या पडद्यापेक्षा जास्त गुणकारी. दुसरे म्हणजे, पुढच्या पट्टीला तीन फूट खाली उतरणारी झालर असलेली ऑनिंगही मिळते. ती घेतली की चार वाजता भिंतीलगतची साडेचार फूट जागा पूर्ण सावलीत येते. या घराने झालरीची ऑनिंग मागवली. ज्यांना ते परवडत नाही, त्यांनी कठड्याशी स्वतंत्र खांबावर बांबूची चिक लावावी. चिक ऑनिंगच्या पट्टीला मात्र कधीही टांगू नये. तिचे ओझे पेलायला हातांची रचना केलेली नसते.

गच्ची दक्षिणेकडे असेल तर प्रश्न सोपा होतो. उन्हाळ्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे थोडेसे बाहेर आलेले कापडही पुरते; हिवाळ्यात ते मिटून ठेवले की उबदार ऊन घरात येते. पूर्वेला सकाळच्या तिरप्या उन्हाचा तोच त्रास, पण हवा तापलेली नसल्याने तो सुसह्य. तुमच्या गच्चीचे गणित काहीही असो, काठी आणि सुतळी घेऊन एक दिवस दर तासाला ऊन पाहावे. या परीक्षेला पैसा लागत नाही.

कापडाचा रंग निवडताना नमुना हातात घेऊन उन्हात धरून पाहावा. गडद रंग उजेड जास्त अडवतो, पण स्वतः तापतो. फिका रंग कमी तापतो, पण डोळ्यांवर उजेड येतो. धाग्यातच रंग मुरवलेले ॲक्रिलिक कापड वरून रंगवलेल्या कापडापेक्षा उन्हात जास्त टिकते. भिंत आणि कापड यांच्यामध्ये तापलेली हवा कोंडू नये म्हणून गच्चीच्या बाजू पडद्यांनी बंद करू नयेत.

भिंतीला विचारल्याशिवाय बोल्ट नको

ऑनिंगचे सारे ओझे भिंतीवरच्या दोन-तीन ब्रॅकेटांवर येते, आणि ते दिसते त्याहून कितीतरी जास्त असते. समजा, बाहेर आलेल्या दहा फुटांवरचा भार सरासरी पाच फुटांवर, म्हणजे साठ इंचांवर आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टांत सहा इंचांचे अंतर आहे. मग तराजूच्या नियमाने वरच्या बोल्टांवर भाराच्या दहापट ओढ येते. बाहेर ३५ किलोंचा भार असेल तर भिंतीतून बोल्ट उपटू पाहणारा जोर ३५० किलोंचा.

हा जोर पेलावा तो काँक्रीटच्या बीमने. हल्लीच्या इमारतींत बीम आणि खांबांच्या मधली भिंत विटांची किंवा हलक्या ठोकळ्यांची असते. नुसत्या गिलाव्यावर विसंबून तिथे बोल्ट मारणे म्हणजे धोक्याला आवतण. भिंतीवर हातोडीने हलकेच ठोकावे. आवाज पोकळ आला तर तिथे गिलावा सुटलेला आहे. बीम कुठून कुठवर आहे, हे नकाशावरून किंवा बांधकाम करणाऱ्याकडून पक्के करून घ्यावे. बीम नसेल तर आरपार बोल्ट आणि आतून पोलादी पट्टी देता येते. पण तो निर्णय इंजिनिअरला दाखवूनच घ्यावा.

केमिकल अँकर वापरायचे ठरले तर भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढावी लागते. मसाला भरल्यावर पाकिटावर दिलेला वेळ तो सुकू द्यावा लागतो. 'दुपारी भोकं पाडली, संध्याकाळी उघडून दाखवतो' अशी घाई करणाऱ्याला तिथेच थांबवावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक पायरी विसरू नये. इमारतीची बाहेरची भिंत एकट्याची नसते. काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि महापालिकेचा नियम विचारून ठेवावा. खालच्या मजल्यावर पाण्याची धार पडणार नाही ना, हेही पाहावे. शेजाऱ्यांशी भांडण लावणारी सावली काय कामाची!

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मोटरीसाठी स्वतंत्र एमसीबी, गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग, या तिन्ही गोष्टी हव्यात. वायर मोटरीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून वाहत येणारे पावसाचे पाणी झोळाच्या टोकाशी टपकते, मोटरीत जात नाही. भिंतीवरचा स्विच असा हवा की 'उघड' आणि 'मीट' ही दोन बटणे एकाच वेळी दाबली जाणार नाहीत.

बसवण्याचा दिवस

सकाळी सात वाजता तीन कारागीर आले. आजोबा पाणसळ आणि ओळंबा घेऊन तयारच होते. तेरा फूट रुंदीची ऑनिंग शिडीवर चढून दोघांनी कशीबशी टेकवायची वस्तू नव्हे. कारागिरांनी दोन्ही बाजूंना परांची बांधली आणि तिघांनी मिळून ती ब्रॅकेटांवर बसवली. हातांना बांधलेले पट्टे मात्र तसेच होते. ते शेवटपर्यंत सोडायचे नसतात. आतल्या स्प्रिंगा आवळलेल्या असतात. कापडाचा ताण नसताना पट्टा सुटला तर हात झटक्यात उघडून समोरच्या माणसाचा जबडा फोडू शकतो. म्हणूनच ऑनिंगचे हात घरच्या घरी खोलणे, स्प्रिंग बदलणे असले उद्योग कुणीही करू नयेत. नातवंडांना त्या दिवशी गच्चीवर बंदी होती.

उताराचे मापही तेव्हाच ठरते. पावसाचा शिडकावा पडला तर पाणी वाहून जाण्यासाठी कापडाला निदान १४ अंशांचा, म्हणजे चार फुटांना एक फूट असा उतार लागतो. दहा फुटांना अडीच फूट. या घरी ब्रॅकेट साडेनऊ फुटांवर आणि पुढची पट्टी सात फुटांवर, हे गणित आजोबांनी आधीच भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते.

दुपारी कारागिराने रिमोट दाबला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड घरघरत बाहेर आले आणि गच्चीवर सावली पसरली. नातवंडांनी आतूनच टाळ्या वाजवल्या. मुलाने पाकीट काढले.

''काकाजी, चालू झालं ना? मंग झालं तर!'' कारागीर हत्यारे गोळा करू लागला.

''चालू झालं,'' आजोबा म्हणाले, ''आता बंद पाडून पाहू.''

परीक्षा

पुढचा दीड तास आजोबांनी त्या ऑनिंगची परीक्षा घेतली. ती कोणत्याही घरी, शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, याच क्रमाने घेता येईल.

पहिली परीक्षा डोळ्यांची. कापड अर्ध्यावर थांबवून पुढच्या पट्टीवर पाणसळ ठेवली. एक बाजू बोटभर खाली होती. हाताच्या खांद्याशी असलेला स्क्रू फिरवून ती सारखी करून घेतली. हा फरक तसाच राहिला असता तर कापड रोलरवर तिरके गुंडाळले जाऊन एका कडेला चुण्या पडल्या असत्या आणि काही महिन्यांत शिवण उसवली असती.

दुसरी परीक्षा थांबण्याची. मोटर दोन्ही टोकांना आपोआप थांबली पाहिजे. बाहेर येताना हात पूर्ण उघडल्यावरही मोटर फिरत राहिली तर कापड सैल पडून पोट काढते आणि मग उलट्या बाजूने गुंडाळू लागते. आत जाताना ती वेळेवर थांबली नाही तर पट्टी पेटीवर आदळते. तीनदा उघडून, तीनदा मिटून दोन्ही टोके पाहावीत. अध्येमध्ये बटण दाबून ती जिथल्या तिथे थांबते का, तेही पाहावे. सारख्या उघडमिटीने मोटर चार-पाच मिनिटांत तापून बंद पडली तर घाबरू नये. जळू नये म्हणून तिच्यात तशी सोयच असते. थोड्या वेळाने ती निवून पुन्हा चालते.

तिसरी परीक्षा वाऱ्याच्या सेन्सरची. पट्टीवर बसवलेला हा छोटा डबा कापडाची थरथर ओळखून मोटरीला मिटण्याचा हुकूम देतो. काही ऑनिंगांना वारा मोजणारी फिरती वाटी असते. आजोबांनी पट्टीला लांब काठीने चार-पाच हिसके दिले. काहीच झाले नाही. पुन्हा दिले. पट्टी हलली, मोटर ढिम्म. कारागिराने पेटी उघडून पाहिले आणि ओशाळून हसला. सेन्सर बसवला होता, पण मोटरीशी जोडायचाच राहिला होता! तो जोडल्यावर दुसऱ्याच हिसक्याला कापड मिटू लागले. मग आजोबांनी सेन्सरचा सेल काढायला लावला. सेल संपला तर चांगली ऑनिंग स्वतःहून मिटते. आपली काय करते, हे आधीच कळलेले बरे.

चौथी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी घेत नाही. आजोबांनी कापड पूर्ण उघडले आणि घराचा मेन स्विच बंद केला.

''आता मिटा.''

कारागीर म्हणाला, ''हँडल असते ना त्याला.'' हँडल कुठे आहे? खाली खोक्यात, थर्मोकोलच्या खाली. ते शोधून आणायला दहा मिनिटे गेली.

वळवाचा अनुभव असलेल्या कुणालाही या परीक्षेचे मोल सांगायला नको. वारा सुटला की आपल्याकडे आधी वीज जाते. म्हणजे ज्या क्षणी कापड मिटायला हवे, नेमक्या त्याच क्षणी मोटर, रिमोट आणि सेन्सर तिन्ही मुके होतात. म्हणून हाताने फिरवायच्या हँडलची सोय नसलेली मोटर घेऊच नये. हँडल गच्चीच्या दारामागे खिळ्याला टांगलेले असावे आणि ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वापरता यावे. हँडल अडकवण्यापूर्वी मेन बंद करायचा, हे विसरू नये. नाहीतर मध्येच वीज आली आणि मोटर फिरू लागली तर हाताला इजा व्हायची.

मुलाने फिरवून पाहिले, सुनेने पाहिले. आजी दारात उभ्या होत्या. ''मलाही दाखवा,'' त्या म्हणाल्या, ''दुपारी घरात मीच असते.'' त्यांना पहिल्या खेपेला सहा मिनिटे लागली. आजोबांनी घड्याळ लावून ती वेळ खडूने भिंतीवर लिहिली.

वारा आणि पाणी

वाऱ्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवायला हवे. त्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तेरा फूट रुंद आणि दहा फूट लांब कापडावर ताशी २५ किलोमीटरचा वारा ढोबळमानाने ३५ किलोंचा दाब देतो. ५० किलोमीटरला तो १४० किलो होतो. भिंतीतल्या बोल्टांसाठी याच्या दहापट धरा, म्हणजे भीती कुठे आहे ते कळेल. वारा खालून शिरला तर हाच जोर कापड वर उचलतो आणि हात उलटे वाकतात.

ऑनिंगांसाठी युरोपात 'ईएन १३५६१' हे मानक आहे. त्यात वाऱ्याच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीची ऑनिंग ताशी २८ किलोमीटर, दुसरीची ३८ आणि तिसरीची ४९ किलोमीटरपर्यंतचा वारा सोसते. विकणाऱ्याला 'मजबूत आहे का?' असे विचारू नये, 'श्रेणी कोणती?' असे विचारावे आणि ती पावतीवर लिहून घ्यावी. पण तिसरी श्रेणीही वादळासाठी नाही. सेन्सर हा राखणदार आहे, ज्योतिषी नव्हे. वारा आल्यावर तो जागा होतो आणि कापड मिटायला त्यानंतरही मिनिटभर जातो. आभाळ भरून आले, धुळीचा लोट दिसला की आपण होऊन मिटावे. रात्री आणि घराबाहेर जाताना ऑनिंग उघडी ठेवू नये.

पावसाचेही तसेच. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एक किलो वजन. कापड सैल असेल, उतार कमी असेल तर मध्ये तळे साचते. मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि चार बोटे खोल तळे म्हणजे सत्तर-ऐंशी किलो ओझे डोक्यावर. ऑनिंग ही उन्हाची छत्री आहे, पावसाची नव्हे.

त्या दिवशी

मे महिन्यातली दुपार. मुलगा गावाला, सून बँकेत, आजोबा पेन्शनच्या कामाला गेलेले. ऑनिंगखाली नातवंडांचा कॅरम रंगला होता. साडेचारच्या सुमारास पश्चिमेकडे आभाळ काळवंडले आणि खाली धुळीची तांबूस भिंत दिसू लागली. वारा अजून लिंबाच्या शेंड्यालाच होता. आजींनी मुलांना आत पिटाळले आणि रिमोट दाबला. काहीच झाले नाही. वीज गेली होती.

आजींनी मेन बंद केला, दारामागचे हँडल काढले, कडीत अडकवले आणि भिंतीला धरून फिरवू लागल्या. कापड बोटाबोटाने आत सरकत होते. पट्टी पेटीला टेकली तेव्हा शेजारच्या छतावरचा पत्रा खडखडू लागला होता. पाठोपाठ वारा आला. तुळशीची एक कुंडी कलंडली, कॅरमच्या सोंगट्या गच्चीभर उधळल्या. बाकी काही गेले नाही.

आजी वेळेत उठल्या, हे महत्त्वाचे. वारा अंगावर आल्यानंतर उघड्या ऑनिंगखाली उभे राहून हँडल फिरवण्याचे धाडस कुणीही करू नये. तेव्हा माणसांना आत घ्यावे, दार लावावे आणि कापड फाटले तर फाटू द्यावे. कापड नवे आणता येते.

जपणूक

बसवल्यानंतर आठवड्याने आणि मग दर वर्षी ब्रॅकेटांचे बोल्ट पान्ह्याने तपासून घ्यावेत. कापडावरची धूळ मऊ ब्रशने झाडावी. पक्ष्यांची घाण साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी. कपड्यांची पावडर किंवा ब्लीच वापरू नये. ओले कापड मिटावे लागले तर ऊन पडताच उघडून सुकवावे, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. कापडाखाली शेगडी पेटवू नये. दिवाळीत फटाक्यांची एक ठिणगी पुरते, म्हणून ते चार दिवस ऑनिंग मिटलेलीच बरी. पट्टीला मुलांनी लोंबकळू नये, ओले कपडे वाळत घालू नयेत. पावसाळाभर पेटी बंद ठेवावी. पेटीविना नुसता रोलर असेल तर त्यावर आच्छादन घालावे.

खर्च जपून करायचा असेल तर मोटरीविना, फक्त हँडलची ऑनिंगही मिळते. सावली तीच, भिंतीचे नियम तेच. मोटरीचा खरा फायदा सांधेदुखीच्या माणसाला आणि वारंवार उघडमीट करणाऱ्या घराला.

त्या घरात शेवटचा हप्ता सेन्सर जोडल्यावर त्याच संध्याकाळी दिला गेला. आता दर वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास ऑनिंगवरचे आच्छादन निघते. कापड पूर्ण उघडले की आजोबा मेन बंद करतात आणि हँडल सुनेच्या हाती देतात. भिंतीवर खडूने लिहिलेल्या सहा मिनिटांच्या खाली आता तीन-चार आकडे झाले आहेत. घड्याळ आजींच्या हातात असते.